तक्रार कोणाकडे, कोणत्या कागदावर?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे नगरपालिका आणि पोलीस ठाणे या दोन दारांविषयी आहेत. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. वाचकांची नावे आणि गावे वगळली आहेत. उत्तरे महाराष्ट्रापुरती आहेत. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम, मुंबईला १८८८ चा आणि इतर महानगरपालिकांना १९४९ चा अधिनियम लागू असल्यामुळे आपण यांपैकी कोणत्या हद्दीत राहतो, हे पाहून मगच कलमांचे आकडे अर्जात लिहावेत.

प्रश्न : आमच्या गल्लीतील गटार दीड वर्षापासून उघडे आहे. पावसाळ्यात त्याचे पाणी उंबऱ्यापर्यंत येते. नगरसेवकांना अनेकदा सांगितले आणि मुख्याधिकाऱ्यांना अर्जही दिला. "निधी आला की करू" याखेरीज उत्तर मिळत नाही. नगरपरिषदेकडे खरोखरच पैसे नसतील, तर आम्ही काय करावे?

उत्तर : आपण पत्रासोबत अर्जाची जी प्रत जोडली आहे, तिच्यावर आवक शिक्का नाही, आवक क्रमांक नाही आणि तारीखही आपणच हाताने घातलेली आहे. याचा अर्थ असा की, कार्यालयाच्या दृष्टीने हा अर्ज आलेलाच नाही. तो कोणाच्या तरी टेबलावर ठेवला गेला असेल आणि तेथूनच नाहीसा झाला असेल. म्हणून पहिले काम म्हणजे तोच अर्ज दोन प्रतींत लिहून आवक-जावक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय तेथून हलू नये. शिक्का देण्यास कोणी टाळाटाळ करीत असल्यास अर्ज नोंदणीकृत डाकेने पाठवावा आणि पोच जपून ठेवावी. नगरसेवकांना तोंडी सांगण्यात काही गैर नाही, परंतु त्या सांगण्याची नोंद कोठेही होत नाही आणि पुढे कोणत्याही दारी गेले तरी पहिली विचारणा नोंदीचीच होते.

आता निधीविषयी. गटारे बांधणे व ती साफ ठेवणे हे १९६५ च्या अधिनियमानुसार नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. बाग किंवा वाचनालय यांसारखे ऐच्छिक काम नव्हे. पैसे नाहीत, हे कारण अशा कर्तव्याला चालत नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात दिलेला आहे. मध्य प्रदेशातील त्या शहरातील रहिवाशांची तक्रार आपल्या तक्रारीसारखीच होती : उघडी गटारे, साचलेली घाण, शौचालयांअभावी रस्त्याकडेला होणारी अस्वच्छता आणि त्यात भर म्हणून मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी. रहिवासी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे गेले आणि दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला काम करण्याचा आदेश दिला. सत्र न्यायालयाने तो आदेश रद्द केला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला आणि नगरपालिका पैशांचे कारण घेऊन थेट दिल्लीपर्यंत गेली. वकिलांच्या त्या खर्चात किती गटारे झाकली गेली असती, असा विचार आज मनात आल्याशिवाय राहत नाही. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठाने नगरपालिकेचे अपील फेटाळले आणि तिजोरी रिकामी आहे म्हणून स्वच्छतेची जबाबदारी झटकता येणार नाही, असे स्पष्ट केले.

ते कलम १३३ आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आले आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश त्याखाली काढता येतो आणि आपल्याकडे त्यासाठी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्याकडे, अर्ज करावा लागतो. एकट्याने अर्ज करण्याऐवजी गल्लीतील दहा-पंधरा घरांच्या सह्या घ्याव्यात, तारखेसह छायाचित्रे जोडावीत आणि आवक शिक्का असलेल्या जुन्या अर्जाची प्रत लावावी. तत्पूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयातील लोकशाही दिनाचा मार्गही आहे. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट बाबी तेथे घेतल्या जात नाहीत. माझ्या मते लोकशाही दिनाचा खरा उपयोग आदेश मिळण्यात कमी आणि मुख्याधिकाऱ्यांना जिल्हाधिकाऱ्यांसमोर लेखी खुलासा द्यावा लागण्यात अधिक आहे.

आपल्या पत्रात शेजारच्या मुलाचा पाय गटारात जाऊन हाड मोडल्याचा उल्लेख आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे होणाऱ्या अपघातांसाठी भरपाई ठरवून दिली आहे : मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी व्यक्तीस इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. नगरपरिषद क्षेत्रात हे दावे मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीपुढे जातात. आपल्याकडील उघडे गटार या आदेशात बसते की नाही, हे जागेच्या स्वरूपावर ठरेल. म्हणून मुलाच्या पालकांनी रुग्णालयाची कागदपत्रे घेऊन प्रथम विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. तेथे सल्ल्यासाठी शुल्क पडत नाही.

प्रश्न : निवडणूक होऊन आमच्याकडे पुन्हा लोकनियुक्त नगराध्यक्ष आणि नगरसेवक आले आहेत. सर्वसाधारण सभेत सामान्य नागरिकाला बसता येते का? सभेत नेमके काय ठरले, हे कसे कळेल?

उत्तर : बसता येते. सर्वसाधारण सभा जनतेसाठी खुली असते आणि बंद दाराआड चर्चा करणे हा अपवाद आहे. प्रेक्षकांना बोलण्याचा अधिकार मात्र नसतो. आपला प्रश्न प्रभागातील सदस्यामार्फतच मांडावा लागतो. बऱ्याच शहरांत प्रशासकाच्या काळात सभाच होत नव्हती आणि ठराव एका सहीने मंजूर होत होते. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्यामुळे सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत, तेव्हा प्रेक्षकांच्या खुर्च्याही भरलेल्या दिसाव्यात, असे मनापासून वाटते.

सभेला जाण्यापूर्वी विषयपत्रिका मिळवावी आणि ती शेवटाकडून वाचावी. विषयपत्रिकेच्या तळाशी "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" अशी एक निरुपद्रवी वाटणारी ओळ असते. ज्या विषयाची पूर्वसूचना कोणालाच नको असते, तो या ओळीतून आत येतो. सदस्यांच्या हाती टिपणी नसते, उशीर झालेला असतो, कोणीतरी सूचक होतो, कोणीतरी अनुमोदक होतो आणि इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" असे उमटते. प्रत्येक ऐनवेळचा विषय संशयास्पद असतो असे नाही. साथ पसरली किंवा जलवाहिनी फुटली, तर तातडीने ठराव करावाच लागतो. परंतु भूखंड भाडेपट्ट्याने देण्याचा किंवा ठेक्याला मुदतवाढ देण्याचा विषय ऐनवेळी का यावा, हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण हक्क आहे.

इतिवृत्त कायम झाल्यावर ठरावाची प्रमाणित प्रत मागता येते. ती सहजपणे न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे आणि माहिती ३० दिवसांत मिळाली पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून प्रस्तावना न लिहिता सभेची तारीख आणि विषय क्रमांक यांवर थेट यावे. आपण पाठवलेल्या मसुद्यात लोकशाहीच्या ऱ्हासावर पाऊण पान खर्ची पडले आहे. तो मजकूर अन्यत्र अवश्य लिहावा, परंतु जन माहिती अधिकाऱ्याला त्याचे उत्तर देता येत नाही. ठराव बेकायदा आहे किंवा त्यामुळे जनतेला त्रास होईल, असे दाखवता येत असल्यास १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. महानगरपालिकेच्या बाबतीत १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो अधिकार राज्य शासनाकडे आहे.

प्रश्न : बस थांब्यावर माझ्या हातातून मोबाइल हिसकावून एक जण पळाला. ठाण्यात गेलो, तर "गहाळ झाला असे लिहून द्या, म्हणजे लगेच दाखला मिळेल" असे सांगण्यात आले. मी तसे लिहून दिले. नंतर कळले की, ती जागा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत येते. आता गुन्हा नोंदवता येईल का?

उत्तर : येईल; आणि यापुढे कोणीही "गहाळ" हा शब्द लिहून देऊ नये. गहाळ म्हणजे आपल्या हातून हरवले. त्यात आरोपी नाही, तपास नाही आणि ठाण्याच्या गुन्ह्यांच्या आकड्यात भरही नाही. त्या दाखल्याचा उपयोग नवे सिमकार्ड घेण्यापुरताच असतो. आपल्या बाबतीत घडली ती हिसकावणी. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हा स्वतंत्र गुन्हा असून तो दखलपात्र आहे, म्हणजे त्याचा तपास पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय सुरू करता येतो. साध्या चोरीची गोष्ट थोडी निराळी आहे. नव्या कायद्यात ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरली आहे, त्यामुळे जुना स्वस्त मोबाइल खिशातून गेला असेल, तर ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतो तेव्हा तो चुकीचे करतोच असे नाही.

हद्दीचे कारण आता टिकणारे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. तेथे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग केला जातो. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. मात्र तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात ठरवले होते. नव्या संहितेने त्याला एक मुरड घातली आहे. तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीने १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते. "चौकशी चालू आहे" असे उत्तर मिळाल्यास ही परवानगी कोणत्या तारखेला घेतली, हे लेखी विचारावे. बहुतेकदा या एका प्रश्नाने फाइल हलते.

आपण नव्याने फिर्याद द्यावी. "दिनांक अमुक रोजी मी दिलेल्या अर्जात गहाळ असा शब्द लिहिण्यास मला सांगण्यात आले होते, प्रत्यक्षात घटना पुढीलप्रमाणे घडली" असे सरळ लिहावे आणि वेळ, थांब्याचे नाव, पळून जाण्याची दिशा, सोबत कोण होते, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक) या गोष्टी क्रमाने द्याव्यात. ठाण्याने नकार दिल्यास हाच मजकूर पोलीस अधीक्षकांना, आणि आयुक्तालय असल्यास उपायुक्तांना, डाकेने पाठवावा. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, परंतु अधीक्षकांकडे पाठवलेल्या पत्राची पोच नसेल, तर तो अर्ज दारातच अडखळतो. दरम्यान दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरून तो हँडसेट बंद करून घ्यावा. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत लागते.

तपासाचे पुढे काय झाले, हे विचारण्यासाठी ठाण्यात खेटे घालण्याचीही आता आवश्यकता नसावी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक असून हे मोबाइल संदेशानेही करता येते. ९१ व्या दिवशी दोन ओळींचे स्मरणपत्र द्यावे.

प्रश्न : माझे वय ६७ आहे. आमच्या सोसायटीबाहेर झालेल्या मारामारीचा मी साक्षीदार आहे. जबाबासाठी मला वारंवार ठाण्यात बोलावून तासन्‌तास बसवून ठेवतात. जाणे सक्तीचे आहे का?

उत्तर : नाही. साठ वर्षांवरील पुरुष, पंधरा वर्षांखालील मुलगे, कोणत्याही वयाच्या स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून त्यांच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्यास भाग पाडता येत नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ सांगते. आपली इच्छा असेल, तर ठाण्यात जाता येते. वयाचा पुरावा जोडून तपास अधिकाऱ्यांना तसे पत्र द्यावे आणि घरी येण्यासाठी सोयीची वेळ सुचवावी.

प्रश्न : रात्री साडेअकरापर्यंत ध्वनिक्षेपक चालतो. नगरपालिका म्हणते, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणतात, आवाज मोजण्याचे यंत्र नाही. शिवाय तक्रार केली की आयोजकांना अर्ध्या तासात माझे नाव कळते.

उत्तर : ही तक्रार पोलिसांकडेच करायची असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बंदिस्त सभागृहे आणि सार्वजनिक आणीबाणी यांना त्यातून सूट आहे, तसेच वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य शासन रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. यंत्राविषयीचे उत्तर दिवसाच्या तक्रारीपुरते समजून घेता येते, कारण तेव्हा मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असल्याचे दाखवावे लागते. रात्रीच्या बंदीचा भंग हा मात्र स्वतंत्रपणे तक्रारीचा विषय आहे. मोकळ्या जागेत साडेअकरा वाजता ध्वनिक्षेपक चालू आहे एवढेच पुरेसे असून तेथे मोजण्यासारखे काही उरत नाही. हे वाक्य नियम ७ चा उल्लेख करून अर्जात लिहावे.

नाव फुटण्याचा अनुभव अनेक वाचकांनी कळवला आहे आणि तो अक्षम्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील रहिवाशांच्या संस्थांनी केलेल्या याचिकेवर निर्णय देताना, तक्रारदाराची ओळख न मागता व ती आयोजकांना उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असे बजावले आहे. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करताना "माझे नाव घटनास्थळी सांगू नये" असे सुरुवातीलाच सांगावे आणि दूरध्वनीची वेळ टिपून ठेवावी. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या किंवा रहिवासी मंडळाच्या नावाने लेखी अर्ज द्यावा, म्हणजे एका घराकडे बोट दाखवले जाणार नाही.

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या गटावर "पोलिसांकडून सावधानतेचा इशारा" म्हणून संशयितांची छायाचित्रे आणि गाड्यांचे क्रमांक रोज येतात. ते पुढे पाठवणे हे नागरिकांचे कर्तव्य नव्हे का?

उत्तर : मुळीच नाही. खऱ्या पोलीस सूचनेवर ती काढणाऱ्या पोलीस घटकाचे नाव, तारीख आणि बहुधा जावक क्रमांक असतो, शिवाय ती जिल्हा पोलिसांच्या किंवा आयुक्तालयाच्या अधिकृत खात्यावर सापडते. आपण पाठवलेल्या तीन संदेशांपैकी एकावरही यांपैकी काही नाही. एकात तर "सर्व ग्रुपवर टाका" असे दोनदा लिहिले आहे, जे कोणतेही पोलीस कार्यालय लिहीत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते डवरी गोसावी समाजाचे होते. त्यापूर्वीचे कित्येक दिवस त्या परिसरात असेच इशारे फिरत होते आणि ते पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण सावधगिरी बाळगत आहोत, असेच वाटत असणार.

एखाद्या गुन्ह्याची खरी माहिती हवी असल्यास तिचा राजमार्ग उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार प्रथम खबरी अहवाल साधारणतः २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. त्या वगळण्यामागे कारण आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आपल्या गटावरील तिसऱ्या संदेशात मुलीच्या शाळेचे नाव आणि इमारतीचा क्रमांक दिलेला आहे. तो संदेश गटप्रमुखांना सांगून आजच काढून टाकावा, आणि ज्यांना तो पाठवला गेला आहे त्यांनाही तो पुढे न पाठवता पुसून टाकण्यास सांगावे.